सातव्या क्रमांकाच्या पथकाला ताल कुणी दिला?

मी गणित शिकवते. वर्गात कुणी "असंच असतंय मॅडम" म्हणालं, की मी त्याच्या हातात खडू देऊन फळ्यापाशी उभं करते. का असतं ते दाखव म्हणून! मासिकांतल्या अशा अजब अनुभवांच्या सदरांतलं मी वर्षानुवर्षं वाचत आलेय, आणि खोटं कशाला बोलू, चहाबरोबर हसायला म्हणूनच वाचत आलेय. गावात भानामतीची अफवा उठली होती, तेव्हा घरोघरी जाऊन बायकांची समजूत घालणाऱ्यांत मीच पुढे होते. त्यामुळे हे लिहायला मला फार दिवस लागले. नवरा म्हणाला, "लिहू नकोस, आता लोक तुलाच फळ्यापाशी उभं करतील." करू देत.

तासगाव तालुक्यात, द्राक्षबागांच्या मधोमध आमची शाळा आहे. पाचवी ते दहावी. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. शनिवारी आमच्याकडे दप्तर नसतं. मुलं आपापल्या मंडळात जातात. विज्ञान मंडळ, चित्रकला, परसबाग... संगीताचं मंडळ मात्र नव्हतं, कारण संगीताचे शिक्षकच नाहीत. स्टोअररूममध्ये जुने साइड ड्रम, एक मोठा ढोल आणि खोकंभर बासऱ्या धूळ खात पडल्या होत्या. स्वातंत्र्यदिनाला काही मुलींनी ते काढून कसंबसं वाजवलं. झेंडावंदन संपलं आणि एक उंच, ताठ म्हातारे गृहस्थ थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, ह्ये काय वाजिवलं? पत्र्यावर माकडं नाचल्यागत वाटलं."

मला राग आला. "मग तुम्ही शिकवा ना!"

"शिकवतो की. उद्या साडेसहाला पोरी धाडा."

हे माने आबा. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, उभी नोकरी बँडमध्ये काढलेली. मूळचे जतकडचे, अगदी कर्नाटकच्या सीमेवरच्या गावचे. बायको आमच्या गावची, म्हणून निवृत्तीनंतर इथे घर बांधलेलं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला अकरा मुली आल्या. मुलगे कबड्डीत रमलेले, त्यांच्यातला एकही आला नाही. वर्षभरात त्या अकराच्या चोवीस झाल्या. "पोरींनी ढोल बडवायचा व्हय?" असं म्हणणारे एक-दोन बाप होते. आबांनी त्यांना वाद न घालता सरावाला बोलावलं आणि मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसवलं. त्यातल्या एकाची मुलगी, गौरी, पुढे पथकाची कॅप्टन झाली. तिच्या हातातली काठी त्या बापानंच रंगवून दिलीय.

आबांची एक सवय सांगायला हवी. एरवी ते मराठीत शिकवायचे, हुकूम फौजेतल्या हिंदीत द्यायचे, 'थम' म्हणजे थांबा. पण ताल बिघडला की त्यांची मोजणी आपोआप कानडीत जायची. "ओंदु... येरडु... ओंदु... येरडु..." 'ओं' लांबवलेला आणि 'डु' एकदम तोडलेला. एक-दोन, एवढाच त्याचा अर्थ. पण तो आवाज आला की चोवीस मुलींचे पाय जागेवर यायचे. मी स्वतः पाहिलंय.

गेल्या हिवाळ्यात साताऱ्याला शालेय बँडपथकांची स्पर्धा होती. आम्ही पहिल्यांदाच नाव दिलं. आणि स्पर्धेच्या चार दिवस आधी आबांना न्यूमोनिया झाला. सांगलीच्या दवाखान्यात दाखल केलं, ऑक्सिजन लावला. शुक्रवारी मी भेटायला गेले तर त्यांनी मला ओळखलं नाही. तापात नुसते छताकडे बघत होते. शालनकाकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, उशाशी बसलेल्या.

हेडसर म्हणाले, या वर्षी राहू दे. माझंही मन होईना. पण गौरी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, आमी जाणार."

"आणि आबांना काही झालं तर?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान हलली नाही. "म्हणूनच जाणार."

मी काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "जावा. आवं, न्हाई गेला तर बरं झाल्यावर त्ये मलाच बोलत बसतील. त्यापरीस जावा."

रविवारी पहाटे एसटीनं निघालो. बस ठरवून घेतली होती. मुलींच्या अंगावर पांढरे पंजाबी ड्रेस आणि आयांनी शिवलेले लाल पट्टे. साताऱ्याच्या मैदानावर पोचलो तर पाचगणीच्या निवासी शाळांची पथकं आधीच उभी होती. झालरीच्या टोप्या, चकचकीत पितळी वाद्यं. आमच्या सानिकानं, नववीतल्या साइड ड्रमवालीनं, आपल्या ड्रमचा पोचा आलेला भाग हळूच पोटाकडे वळवला.

आमचा क्रमांक सातवा. नियम कडक होते. त्यात एक असा, की एकदा पथक मैदानात उतरलं की बाहेरून कुणी आवाज द्यायचा नाही, दिला तर पथक बाद. मी दोरीच्या बाहेर उभी होते. तोंडावर रुमाल धरला होता, चुकून काही ओरडले तर म्हणून.

सुरुवात इतकी सुरेख झाली, की शेजारी उभे असलेले दुसऱ्या शाळेचे सर म्हणाले, "तुमच्या का या? वा!" मग दोन रांगा एकमेकींतून आरपार जातात तो भाग आला. नेमक्या त्या क्षणी सानिकाच्या ड्रमचा, गळ्यातल्या पट्ट्याला अडकवायचा हूक तुटला. ड्रम घसरला, ती तो सावरायला वाकली, मागची मुलगी तिच्यावर आदळता आदळता थांबली. मोठा ढोल वाजवणारी घाबरून जलद वाजवू लागली. बासऱ्या एकीकडे, ड्रम दुसरीकडे. पुढे चालणाऱ्या गौरीला मागचं काही दिसत नव्हतं. मी डोळे मिटून घेतले.

आणि सगळं गप्प झालं.

डोळे उघडले तर चोवीसच्या चोवीस मुली जागेवर थांबलेल्या. एक श्वास, फार तर दोन. मग सगळ्यांचा डावा पाय एकदम उचलला गेला आणि पथक सुरू झालं. आधीपेक्षा जरा संथ, पण सुतासारखं सरळ. सानिकानं ड्रम डाव्या काखेत दाबून धरला होता आणि एकाच काठीनं वाजवत होती. शेवटपर्यंत एक ठोका चुकला नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी रडत होते, हे कबूल करते.

इथपर्यंत यात काहीच अजब नाही. पोरी सरावातल्या होत्या, सावरल्या. मी तेच समजले होते.

दहा मिनिटांनी मला परीक्षकांच्या टेबलाशी बोलावलं. तिघांपैकी एक निवृत्त बँडमास्तर होते, पिकलेल्या मिशांचे. त्यांचा चेहरा गंभीर.

"मॅडम, तुमच्या पथकाला बाहेरून आवाज कुणी दिला?"

"कुणीच नाही, सर. आमच्याबरोबर पुरुष माणूस फक्त ड्रायव्हर, आणि ते बसमध्ये झोपलेत."

"मी ऐकलं. पुरुषाचा आवाज, वयस्कर. आधी 'थम' म्हणाला. मग मोजलं. मराठीत नाही, हिंदीतही नाही. ओंदु का कायसं..."

बाकीच्या दोन परीक्षकांनी काही ऐकलं नव्हतं. मीही नाही. त्यांनी संयोजकांचं चित्रीकरण मागवून तिथेच लॅपटॉपवर पाहिलं, दोनदा. हूक तुटतो, गोंधळ होतो, पथक थांबतं, निघतं. आवाज कुणाचाच नाही. मागे एक कावळा ओरडतो तेवढाच. बँडमास्तर सरांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, "रेकॉर्डिंगमध्ये नाही म्हणजे नाही. पथक बाद होत नाही."

मी मुलींकडे गेले. त्यांना काही सांगितलं नाही. गणिताची बाई आहे, उत्तर आधी सांगत नसते. एकेकीला बाजूला घेऊन विचारलं, "थांबलात कशा?" गौरी म्हणाली, "आबांनी थम दिला की." दुसरीही तेच म्हणाली. तिसरी म्हणाली, "मॅडम, आबा आलेत का? कुठं हायत?" सगळ्यांनी ऐकलं होतं असं नाही. सात-आठ जणी म्हणाल्या, आम्ही शेजारणीचा पाय बघून थांबलो. पण ज्यांनी ऐकलं, त्यांनी एकच ऐकलं होतं.

सानिका सगळ्यात शेवटी. ती म्हणाली, "मला आबा म्हणले, सानिका, काखेत धर. म्हणून धरला."

मग मी पर्समधून फोन काढला. स्पर्धेसाठी आवाज बंद केलेला. शालनकाकूंचे तीन मिस्ड कॉल. पहिला अकरा एक्केचाळीसचा. मला वाटलं, संपलं. आबा गेले. मी मैदानाच्या पायऱ्यांवर बसले आणि फोन लावला.

"मॅडम, ह्येंनी डोळं उघाडलं!" काकू हसत होत्या की रडत होत्या, कळेना. "मघाशी एकदम उठून बसलं. नाकावरचं मास्क काढून फेकलं आन् वरडलं, थम! सिस्टर पळत आली. शेजारच्या खाटंवरची माणसं बघाय लागली. मग ओंदु-येरडु, ओंदु-येरडु, खाटंच्या दांडीवर बोटानं ताल धरून. लय येळ. मग आडवं झालं आन् गप झोपलं. ताप उतारलाय आता."

मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "मॅडम, त्या सानिकाच्या ढोलाला काय झालं का वो? ह्ये म्हणत हुतं, सानिका, काखेत धर म्हणून."

मी अजून एक शब्दही सांगितला नव्हता.

यानंतर मी जे केलं ते माझ्या स्वभावाप्रमाणेच केलं. खुलासा शोधला. काकूंचा फोन बटणांचा, त्यावर व्हिडिओ दिसत नाही. मैदानावरून कुणी त्यांना फोन केला होता का? पालक फक्त तिघी आल्या होत्या, तिघींनाही विचारलं. नाही. दवाखान्यात सिस्टरनं नोंद केली होती, पेशंट अस्वस्थ, मास्क काढला, वेळ अकरा पस्तीस. साताऱ्याच्या चित्रीकरणात हूक तुटतो ती वेळ अकरा चौतीस. दोन घड्याळांत मिनिटाचा फरक मी धरून चालते. डॉक्टर म्हणाले, तापात पेशंट असे बडबडतात, आयुष्यभराचं काम डोक्यात असतं. पटलं मला. हूक जुने होते, आबांना त्याची काळजी असणार, हेही पटलं. पण साइड ड्रम आठ होते. आठांतून सानिकाचंच नाव, आणि तेही त्याच मिनिटाला? आणि बँडमास्तर सरांनी जे ऐकलं, ते तर कुणाच्या तापात नव्हतं.

आमचा दुसरा नंबर आला. पाचगणीच्या शाळेचा पहिला. परतताना मुलींनी एसटीत सांगलीपर्यंत ड्रम वाजवले. दवाखान्यात दोघींनाच आत सोडलं. गौरी आणि सानिका ढाल घेऊन गेल्या. आबा जागे होते. अशक्त, पण ओळख पटत होती. ढाल त्यांनी छातीवर ठेवून घेतली आणि म्हणाले, "दुसरा? मग पयल्यानं काय निराळं केलं त्ये सांगा." दोघी बाहेर येऊन हसत हसत रडल्या.

पंधरा दिवसांनी आबा घरी आले. मी विचारलं. त्यांना काहीच आठवत नाही. "मी झोपलो हुतो मॅडम. शालन सांगती ते मला काय खरं वाटत न्हाई."

मला वाटलं, हे इथेच मिटलं. पण उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एका शनिवारी शाळेच्या फाटकात रिक्षा थांबली आणि ते बँडमास्तर उतरले. साताऱ्याहून एकटेच आले होते. पिशवीत आठ नवे पितळी हूक. म्हणाले, "या पथकाला कोण शिकवतं, त्यांना भेटायचंय."

मैदानावर सराव चालू होता. आबा खुर्चीत बसलेले, खांद्यावर शाल. दोघांची ओळख करून दिली. दोघेही फौजेतले, पाच मिनिटांत पलटणीच्या गप्पा सुरू झाल्या. मग सर म्हणाले, "आबा, एकदा मोजून दाखवता?"

"काय मोजू?"

"मुलींना मोजता तसं."

आबांना विचित्र वाटलं असावं, पण त्यांनी मान वर केली आणि मैदानाकडे बघून आवाज दिला. "ओंदु... येरडु... ओंदु... येरडु..."

बँडमास्तर सर उठून उभे राहिले. टाचा जुळवल्या आणि त्यांनी आबांना कडक सॅल्यूट केला. आबाही खुर्चीला धरून उठले आणि त्यांनी सॅल्यूट परत केला. मला वाटतं, आबांना तो का केला हे आजही कळलेलं नाही. चहा घेताना सर मला एवढंच म्हणाले, "मॅडम, मी हा आवाज आज दुसऱ्यांदा ऐकला."

यंदा मंडळात सदतीस मुलींनी नावं दिली आहेत. शिवाय पाच मुलगे, त्यांना आबांनी मागच्या रांगेत उभं केलंय. मला कुणी विचारलं, त्या दिवशी काय झालं, तर मी गणितासारखं मांडून दाखवते. मांडणी सगळी आहे, फक्त 'म्हणून' लिहिल्यावर पुढे काय लिहायचं ते सुचत नाही. त्या मैदानावर मी सगळ्यात जवळ उभी होते आणि मला काहीच ऐकू आलं नाही, याचं कधी कधी वाईट वाटतं. पण हाक आमच्या मुलींना आली होती, आणि त्यांनी ती ऐकली. त्या माझ्या शाळेच्या आहेत, हे सांगताना मात्र माझी मान ताठ होते.