केळीच्या दांड्याचे ठसे

सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकात आयांचा घोळका उभा होता. प्रत्येकीच्या हातात धुतलेला पांढरा शर्ट आणि शर्टावर तपकिरी जाळी. हेडमास्तरांनी मला बोलावलं.

"सर, हे तुमचंच काम ना?"

माझंच होतं. मी चित्रकला शिक्षक, मूळचा धुळ्याकडचा. पहूरजवळच्या या शाळेत नवीन. इथे कुठलंही चित्र काढायला सांगा, पोरं दोन डोंगर, मधे सूर्य आणि खाली झोपडी काढून मोकळी. त्यात माझा तास गणिताला द्यायचं घाटत होतं. मला ते सहन होईना. म्हणून शनिवारी पेन्सिली, खोडरबर कपाटात बंद केले आणि म्हणालो, "शेतातून मिळेल ते आणा. त्याचे ठसे मारू. आज काही बिघडलं तरी चालेल."

पोरांनी केळीच्या पानांचे दांडे आणले. दांडा आडवा कापला की आत सुरेख जाळी असते. पोस्टर कलर लावून दाबली की कागदावर उमटते. कागद संपल्यावर पोरांनी एकमेकांच्या पाठी छापल्या. रंग धुतला की जातो, म्हणून मीही मजा बघत बसलो. केळीचा चीक मात्र आधी पाण्यासारखा दिसतो, वाळला की तपकिरी पडतो आणि मग जन्मात निघत नाही. आमच्याकडे सगळा कापूस, मला काय ठाऊक?

"अरे, तुम्हाला तर माहीत होतं," मी पोरांना म्हणालो.

"तुम्हीच म्हणले ना सर, बिघडलं तरी चालतं."

हेडमास्तर म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून हा तास गणिताला."

तेवढ्यात एका पोराची आई, लताअक्का, शर्ट घेऊन पुढे आली. "सर, केयीचा डाग काही जात न्हाई. पन माह्या पोराची जाळी अर्धीच काऊन सोडली?"

"घंटा झाली, अक्का."

"मंग आता पुरी करा. नाही तं मले दांडा द्या, मी करते."

मी शनिवारचे उरलेले दांडे आणि रंग काढून दिले. तिने व्हरांड्यात बैठकच मारली. बाकीच्या आयाही सरसावल्या. एकीने शर्टावरच जाळ्या जोडून मोर केला. दुसरी म्हणाली, त्याचे पाय चुकले. भांडण शर्टांवरून मोराच्या पायांवर गेलं.

"अहो, पण गणवेशाचं काय?" हेडमास्तर म्हणाले.

"खेळाच्या तासाले घालतीन," अक्का मान वर न करता म्हणाली.

हेडमास्तर मोराचा शर्ट उलटसुलट करून बघत राहिले. शेवटी म्हणाले, "तास राहू द्या. पण जुन्या कपड्यांत." मला इतका आनंद झाला की मी आयांना चहा पाजला.

तेव्हापासून नव्या गावात कलेचा प्रयोग करण्याआधी मी एकच चौकशी करतो: इथे कपडे कोण धुतं?