सालीवरचे जीव

"मी काहीच टाकत नाही, जे करायचं ते द्राक्ष करतं," असं डॉ. रक्षा झाडे एकदा भर परिषदेत म्हणाली होती. लोक हसले होते. नाशिककडच्या वायनरीत तिनं उमेदीची वर्षं याच हट्टापायी घालवली. विकतचं यीस्ट नको, गंधक नको; द्राक्षाच्या सालीवर न दिसणारे जीव असतात, तेच रसाची वाइन करतील. मग ती सिंदीला, आईच्या शेतात परतली. कपाशी आणि तुरीच्या मधोमध वेली लावल्या, विषारी फवारणीशिवाय जगवल्या. इथल्या उन्हात तगणारे जीव तिला हवे होते.

पण वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. आणि आई आनंदाबाई दारूबंदी मंडळाची अध्यक्ष; नाल्यात लपवलेले मोहाचे सडवे, दारूसाठी आंबत घातलेली मडकी, काठीनं फोडणारी. मायलेकींचं ठरलं होतं: इथं फक्त रस निघेल. तो त्याच दिवशी थंड गाडीतून नागपूर जिल्ह्यातल्या परवान्याच्या वायनरीत जाईल. द्राक्षं तिकडे चिरडली तर तिकडचे जीव मिसळतील, म्हणून रक्षा इथंच चिरडायला बसली. हीच चूक झाली.

यंदा पहिलं पीक. टोकाची एक ओळ कच्ची म्हणून वेलीवर ठेवली, बाकी सगळं पिंपात. रस न्यायला येणारी गाडी वाटेत बुटीबोरीजवळ बंद पडली. मार्चचं ऊन दिवसभर पिंपावरच्या शेडच्या पत्र्यावर तापत राहिलं.

संध्याकाळी आनंदाबाईनं पिंपाला कान लावला. सडवा शोधताना लावायची, तसाच.

"रक्षे, हे बोलून राह्यलं."

"माहीत आहे."

"तुयी सायन्सवाली वाइन अन् चंद्रभानचा सडवा, आवाज सेम टू सेम!" तिनं पिंपावरून कान काढला. "मागच्या हप्त्यात त्याचा फोडला नं आपण. त्यानंच मंडळाच्या बायायले सांगतलं. येऊन राह्यल्या त्या. पोलिसालेबी फोन गेला."

रक्षानं अडीनडीला ठेवलेला गंधकाच्या पावडरीचा डबा काढला. ती टाकली की बुडबुडे थांबतील, जीव मरतील. उरलेल्या रसाची वाइन मग विकतचं यीस्ट घालून कुणीही करील.

"टाक नं वो. नुसता रस हाय म्हणून सांगतो मी."

"दारू व्हायला लागली आहे, आई. थोडी का होईना."

"मले कोन इचारते? मी सांगतलं का झालं."

ते खरं होतं. आनंदाबाईचा शब्द गावात कुणी तपासत नसे. रक्षाचा हात झाकणावर थांबला.

फाटक वाजलं. आनंदाबाईनं पदर सारखा केला आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली.

रक्षानं डबा खाली ठेवला आणि पिंपाची तोटी सोडली. फेसाळ जांभळा रस मोरीकडे धावला.

"काय करून राह्यली वो!" आनंदाबाई तोटी बंद करायला झेपावली. रक्षानं तिचा हात धरला आणि पिंप रिकामं होईपर्यंत सोडला नाही.

दारात बाया थबकल्या होत्या. रक्षानं खिळ्यावरची कात्री घेतली, रिकामा क्रेट उचलला आणि त्यांच्यामधून वाट काढत टोकाच्या ओळीकडे, अजून सालीवर असलेल्या त्या जिवांकडे, निघून गेली.