गॅस पायाशी होता

नत्थूजी स्टुलावर उभे होते. हातात पेटता कंदील. तो त्यांनी छताला टेकेल इतका वर धरला होता आणि मान मागे टाकून ते ज्योत न्याहाळत होते. मे महिना, दुपारचे चार. मी स्वयंपाकघराच्या दारात पोचलो तेव्हा गॅसचा वास नाकात शिरला.

"खाली उतरू नका," मी म्हणालो. "कंदील आहे तिथंच राहू द्या."

"तू कोण गा?"

"गॅसचा मेकॅनिक."

"मंग परत जा. अथी गॅस नाही. मी पाहून राहिलो."

मी एका गॅस एजन्सीत मेकॅनिक आहे. वीस मिनिटांपूर्वी प्रताप नगरच्या एका किराणा दुकानातून नत्थूजींच्या सूनबाईंचा फोन आला होता. सकाळी सिलिंडर बदलला, आता वास येतो. मी सांगितलं, बटन दाबू नका, काडी ओढू नका, दारं उघडा आणि मुलीला घेऊन बाहेर थांबा. मग सायकल हाणली. त्या फाटकाशी उभ्या होत्या, मुलगी कडेवर.

"मामाजी आतच आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी निरोप सांगतला. पण ते ऐकत नाही. जनम खाणीत गेला, म्हणते, मले गॅस काय शिकवता."

नत्थूजी कामठीकडच्या कोळशाच्या खाणीत सरदार होते. सरदार म्हणजे पाळी सुरू व्हायच्या आधी आत जाऊन गॅस तपासणारा माणूस. त्यानं हो म्हटल्याशिवाय कोणी खाली उतरत नाही. खाणीतला गॅस हवेपेक्षा हलका, तो छताच्या कोपऱ्यात साठतो. म्हणून सरदार जाळीचा दिवा वर धरतो. ज्योतीवर निळी टोपी दिसली की गॅस आहे. घरी जाळीचा दिवा नव्हता, म्हणून त्यांनी कंदील बाहेर पेटवून, वर धरूनच आत आणला होता. माझ्या निरोपातलं बटन दाबू नका एवढंच त्यांनी तंतोतंत पाळलं होतं.

आणि स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो पाण्यासारखा जमिनीवर पसरतो. उन्हापायी खिडक्या बंद, कूलरची थंड हवा राहावी म्हणून पुढच्या खोलीची दारंही बंद होती; मी सांगूनही ती कोणी उघडली नव्हती. म्हणजे स्वयंपाकघर एक टाकीच झालं होतं. टाकी किती भरली ते मला माहीत नव्हतं. त्यांच्या गुडघ्यापर्यंत असेल, कमरेपर्यंत असेल. वरची हवा साफ होती, म्हणून ते अजून जिवंत होते. आता ते कंदील घेऊन स्टुलावरून उतरणार होते.

"निळं काही दिसलं?" मी विचारलं.

"नाही. झालं माह्यं काम." त्यांनी एक पाय खाली सोडला.

"नत्थूजी, खाणीत खाली राहणारी हवा पण असते ना? जुन्या गाळ्यात, खड्ड्यात?"

पाय थांबला. "राहते. काळी हवा. पण ते तर दिवा विझवते."

"ही पेटवते."

त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. तिथं दिसण्यासारखं काही नव्हतं. पण त्या माणसाचं सगळं आयुष्य न दिसणाऱ्या गोष्टीच तपासण्यात गेलं होतं. पाय हळूच परत स्टुलावर आला.

"किती आहे?" आवाज बदलला होता.

"माहीत नाही. कंदील वरच धरा. काच उचला, तिथंच फुंकर मारा. काहीही खाली टाकू नका."

कंदिलाची दांडी कुरकुरली, काच उचलली गेली, पहिली फुंकर हुकली. दुसऱ्या फुंकरीला ज्योत गेली.

"आता?"

"आता तिथंच उभे राहा."

मी नाकाला ओला रुमाल लावून आत गेलो. रेग्युलेटर काढला, सिलिंडरच्या तोंडावर टोपी बसवली, मागचं दार उघडलं, सिलिंडर अंगणात नेला. मग ओल्या चादरीनं जमिनीवरची हवा केर काढावा तशी दाराबाहेर लोटली. तेवढा वेळ नत्थूजी गरम कंदील छातीशी धरून स्टुलावरच उभे.

"उतरू का गा?" त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी हो म्हणालो.

सिलिंडरच्या तोंडातला रबरी वॉशर चिरलेला होता. सुपारीएवढी वस्तू. सिलिंडर पोचवणाऱ्यानं साबणाचं पाणी लावून पाहिलं असतं तर बुडबुडे दिसले असते. पण आमचे मालक म्हणतात, साबण लावत बसलात तर गाडी रिकामी कधी होणार.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं.

"रिपोर्टमध्ये लिही, ग्राहकाचा निष्काळजीपणा. घरात गॅस आणि म्हातारा कंदील घेऊन फिरतो."

"वॉशर आपला होता."

"तू मेकॅनिक आहेस की पुढारी?"

"मेकॅनिक. म्हणून लिहितो."

मालकांनी ड्रॉवरमधून त्या घराचं कार्ड काढून माझ्यापुढं सरकवलं. कनेक्शनच्या दिवशीचं. 'ग्राहकाला सुरक्षेची माहिती प्रत्यक्ष करून दाखवली.' खाली सही माझी.

"दाखवली होती?" ते शांतपणे म्हणाले.

दाखवली नव्हती. सही करायची आणि पुढच्या घरी जायचं, हा आमच्याकडचा रिवाज. मी तो पाळला होता, आणि त्याच महिन्यात सिलिंडरच्या काळ्या बाजाराविरुद्ध पत्रक लिहून घरोघर वाटलंही होतं. चोर कोण ते त्यात ठळक छापलं होतं.

मी रिपोर्टमध्ये तिन्ही गोष्टी लिहिल्या. वॉशर, साबणाचं पाणी, आणि काही न दाखवता केलेली माझी सही. मालकांनी मेमो दिला आणि मला तीन आठवडे गोदामात बसवलं. कंपनीचा माणूस येऊन गेला. त्यानंतर गाडीबरोबर साबणाची बाटली जाऊ लागली. मालक तिला अजून माझी बाटली म्हणतात.

नत्थूजी एकदा गोदामात आले. हातात माझं ते पत्रक, घडी पडलेलं.

"चांगलं लिहिलं गा," ते म्हणाले. "मालकाले धुतलं, सरकारले धुतलं. पण गॅस वर राहते का खाली, ते याच्यात काहून नाही?"

मी पत्रक उलटून पाहिलं. चार पानांत जागा भरपूर होती.

आता नव्या घरी गेलो की मी आधी विचारतो, गॅस सुटला तर कुठं जाईल? बहुतेक लोक छताकडं बोट दाखवतात. मग मी त्यांना जमिनीवर बसवतो आणि वास खालीच घ्यायचा असतो हे सांगतो. त्यांनी मला ते परत सांगितलं, तरच कार्डावर सही करतो. याला वेळ लागतो. मालक चिडतात. चिडू देत.