शेकलेली खंजिरी

काल नातवानं कातडं ताणून आवाज खणखणीत याले खंजिरी चुलीवर शेकली. त्या कातड्याच्या वासानं मले माही धाकली जाऊ, गोदी आठवली.

गोदी गावोगाव भजनं गायची. डोणगावाहून लोकं तिले बलवाले येत. तिचं लेकरू मी सांभाळू, भाकरी मी थापू, अन् खंजिरीबी मीच शेकू. वाहवा तिची होये. माह्या पोटात दुखे.

एक दिवस देवळात माणसं येऊन बसली होती. गोदीनं अंगणातून इचारलं, "जाऊबाई, शेकली का व खंजिरी?"

"शेकून राह्यली," म्या म्हटलं, अन् जाणून निखाऱ्यावर धरूनच ठेवली. कातडं तडकलं.

तिनं खंजिरी पाह्यली, मंग माह्याकडं पाह्यलं. तिले समजलं. तिचा नवरा वरडला, "कोनं जाळली व?"

"माह्याच हातून झालं," गोदी म्हणे.

मंग ते नुसत्या टाळ्यायवर गायली. गायाच्या आंधी लोकायले म्हणे, "माही जाऊ घर सांभाळते, म्हून मी गाते. तिचे लय उपकार हायेत."

माही मान वर झाली नाही. म्हातारपनी तिचा गळा गेला, तवा मले बरं वाटलं, खोटं काऊन बोलू? पन तिच्यासारखं मन मले कदी जमलं नाही. त्याचा हेवा अजून हाये.