ठिपक्यांचं सोनं

साऱ्या ओमानात काळ्या-पांढऱ्यातून रंग दिसणारा माणूस एकच, आणि तो दार्सैतला आमच्याच मजल्यावर, बरोबर समोरच्या घरात राहत होता. उभ्या रेघांचा शर्ट घालून मी कुरुमच्या ऑफिसला निघालो की समोरचे काका म्हणायचे, "आज लाल का? मीटिंग आहे वाटतं." आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट त्यांच्या लेखी निळा. माझ्या बायकोच्या पोळीवर काळे डाग पडले की म्हणायचे, "वहिनी, सोनं वाढलंत." ती पोळी सरळसरळ करपलेली असायची, त्यामुळे आमच्या घरात काकांना होता तो मान मला कधीच मिळाला नाही.

काका मूळचे राजापूरचे. रुवीतल्या एका दुकानात ट्रॉफ्या आणि दारावरच्या पाट्या कोरायचे. कुणा म्हाताऱ्या युरोपियन गिऱ्हाइकाने देश सोडताना त्यांना एक जाडजूड पुस्तक दिलं. त्यात बरोक काळातल्या सरदार घराण्यांच्या ढालींची कोरीव चित्रं होती. त्या काळी छापायची शाई काळी, मग ढालीचा रंग कळायचा कसा? तर कोरणाऱ्यांनी खुणा ठरवल्या: उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनं आणि कोरी जागा म्हणजे चांदी. गिऱ्हाइकाने एवढं समजावलं आणि काका कामातून गेले. शाळेच्या स्पोर्ट्स डेच्या ट्रॉफीवरही शिरस्त्राण आणि वेलबुट्टी यायला लागली. दुकानाचा मालक, म्हणजे अर्बाब, वैतागायचा, "काका, ये बच्चा दौडा है, लडाई नहीं किया. यल्ला, खलास करो."

पुस्तकातला एक सिंह डावीकडे बघतोय असं मी एकदा जेवताना म्हणालो. काकांनी माझंच ताट उचलून माझ्या छातीशी ढालीसारखं धरायला लावलं. "आता सांगा, उजवं कुठलं? ढालीचं डावं-उजवं धरणाऱ्याच्या बाजूनं. बघणाऱ्याला कोण विचारतो?" ताटात आमटी होती हे दोघांच्याही जरा उशिरा लक्षात आलं.

मग काकांच्या डोळ्यांचा पडदा बिघडला. डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं. कायमचं गावी जाण्याआधी त्यांनी शेवटची पाटी कोरली ती माझ्या दारासाठी. आमच्या घराण्याला तलवार शोभेल, असं मी सुचवलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही फक्त कारकुनी केली, हे सांगितलं नव्हतं. काकांनी ढालीवर दोन किल्ल्या कोरल्या. महिन्यातून दोनदा तरी मी किल्ली आत विसरून दार ओढून घ्यायचो आणि दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची. "डावी तुमची, उजवी माझ्याकडची," ते म्हणाले. मागे अख्ख्या ढालीवर बारीक ठिपके.

निघायच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे जेवायला येणार, म्हणून मी पाटी घासायला घेतली. एवढी शिकवणी होऊनही ते ठिपके मला खाऱ्या हवेचे डाग वाटले. चिंचेने जाईनात, म्हणून पॉलिश पेपर लावला. किल्ल्या खोल कोरलेल्या होत्या, त्या वाचल्या.

काकांनी दारातच पाटीवरून अंगठा फिरवला आणि थांबले.

"सोन्याची चांदी केलीत तुम्ही."

"मला डाग वाटले, काका."

त्यांच्या खिशातून कोरणी अजून सुटली नव्हती. ती काढून त्यांनी पाटीला नाक लावलं, थोडा वेळ तसेच राहिले, आणि हात खाली आणला. मग कोरणी माझ्या हातात दिली. "मारा. किल्ल्या मी झाकून धरतो."

आत जेवण गार होत होतं आणि मी दारात ठिपके मारत होतो. काका एकेक ठिपका बोटाने तपासत होते. बायको दोनदा डोकावून गेली. शेवटी म्हणाले, "सोनंच आहे. थोडी भेसळ आहे, पण चालेल."

ते गेले, आणि त्यांच्या खिशातून माझी दुसरी किल्लीही राजापूरला गेली. फोनवर म्हणाले, "कुणाबरोबर पाठवू का?" मी म्हटलं, "राहू द्या."

परवा पुन्हा किल्ली आत विसरलो. समोरच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. बायको येईपर्यंत तासभर बाहेर उभा होतो. काकांची किल्ली म्हणून पाटीवरच्या उजव्या किल्लीवर बोट ठेवलं. मग छातीशी धरलेलं आमटीचं ताट आठवलं, आणि बोट उचलून डावीकडे नेलं.