आमच्या बाचं समाधान

हिंगोलीच्या ठेसनात गाडी हलली तेव्हा माझा बा मुंडासं काढून, डोळे मिटून उभा होता. बाकीच्यांचे बाप गाडीबरोबर चालत होते, खिडकीतून हात धरत होते. माझा बा प्रार्थना करत होता. माय फलाटावर उकिडवी बसून माझ्याकडं एकटक बघत होती. सकाळी गावातून निघताना ती मला हळूच म्हणाली होती, "जा बाई तू. हितं समाधान लई हाय, भाकर न्हाई."

आमच्या महारवाड्यातून गेलेल्या आणि तिथंच राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना माझा बा ठाऊक आहे. तुम्ही त्याला संत म्हणता. माझ्याजवळ त्याची दुसरी हकिगत आहे, ती सांगते.

आमचं गाव सेनगावच्या पलीकडं. गावातली मेलेली ढोरं ओढायची पाळी आमच्या घराकडं होती आणि त्याबदली खळ्यावर जवारी मिळायची. मी लहान असतानाच बानं बाप्तिस्मा घेतला. मी मैना होते, माझी मार्था झाली. त्याच आठवड्यात बा पाटलाच्या ओट्यासमोर जाऊन म्हणाला, "मालक, आता मी ढोर ओढनार न्हाई." पाटलानं आवाजसुद्धा चढवला नाही. त्यानं आमची जवारी बंद केली. पाटलाला भिऊन बाकीच्या शेतकऱ्यांनी मजुरीला बोलावणंही कमी केलं.

मग आमच्या घरी तरोट्याची भाजी शिजू लागली. पावसाळ्यात रस्त्याकडेला उगवणारा तो पाला माय मीठ घालून उकडायची. बा हात जोडायचा, आभार मानायचा आणि शेवटी म्हणायचा, "पुरं हाय, देवा." मला वाटायचं, देवाला खरंच वाटत असेल की आमचं पोट भरलं.

एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला. तरोटाही वाळला. माझा धाकटा भाऊ शमू तेव्हा नुकता बोलायला लागला होता. त्याला ताप भरला, हातपाय काड्यांसारखे झाले. त्याच दिवसांत पाटलाचा बैल मेला. निरोप आला की ओढून न्या आणि जवारी घेऊन जा.

माय बाच्या पायाशी बसली. "एवढ्या डाव जा. लेकरासाठी जा."

"न्हाई. एकदा सोडलं ते सोडलं."

हिंगोलीहून आमच्या चर्चचे पाळक सायकलीवर आले होते. तेही काही जाडजूड नव्हते, त्यांच्या कोटाला ठिगळं होती. त्यांनी बाला समजावलं, "अरे, ढोर ओढल्यानं विश्वास जात न्हाई. लेकरू वाचव आधी."

बा त्यांच्याकडंही बघेना. "तुमी पाळक असून असं काहून बोलता? मी भुका राहीन, पन वाकनार न्हाई. देव बघून राहिला."

बैल माझ्या चुलत्यानं ओढला, जवारी त्याच्या घरी गेली. माय चुलतीकडून ओंजळभर पीठ मागून आली, पण त्या पिठाच्या पातळ कण्हेरीचा घोटसुद्धा शमूच्या पोटात टिकेना. दोन दिवसांनी तो गेला. बाप्तिस्मा घेतल्यामुळं भावकीनं आपल्या जागेत पुरू दिलं नाही. बानं ओढ्याकाठी एकट्यानं खड्डा खणला. माती लोटून झाल्यावर तो म्हणाला, "तू दिलंस तेवढं पुरं, देवा." मायनं तिथंच तोंड फिरवलं. त्यानंतर प्रार्थना संपली की बा एकटाच आमेन म्हणायचा.

पाळकांची बहीण सिकंदराबादला इस्पितळात नर्स होती. तिच्या ओळखीनं मला तिथं आयाचं काम मिळालं आणि मी हिंगोलीहून त्या गाडीत बसले. पुढं ट्रेनिंग झालं आणि पांढरा युनिफॉर्म अंगावर आला. ड्यूटी, वॉर्ड, मेट्रन, रिपोर्ट असे शब्द तोंडात बसले. "न्हाई" म्हणणारी मी पेशंटला "घबराओ नको" म्हणू लागले. मेसमध्ये भात, डाळ, इतवारी अंडं. सगळ्या डोळे मिटून आभार मानायच्या, मी डोळे उघडे ठेवून ताटाकडं बघायची. लेकरांच्या वॉर्डात शमूएवढी पोरं यायची, तशीच काड्यांच्या हातापायांची. थोडे दिवस दूध आणि औषध पोटात गेलं की त्यांतली कितीतरी उठून बसायची. एवढंच लागतं हे मला तिथं कळलं, आणि कळल्यावर बाचा राग दुप्पट झाला.

अठ्ठेचाळीस सालची पोलीस ॲक्शन झाली. रझाकारांनी छळलं होतं, पण त्याचा सूड ज्यांनी कधी हातात काठी धरली नाही अशा गरीब मुसलमानांवरही निघाला. गाड्या सुरळीत झाल्यावर रजा काढून मी गावी गेले. आमच्या छपरीत आमच्या गावच्या बाबूभाई पिंजाऱ्याची बायको खातूनबी आणि तिची तीन लेकरं बसली होती. बाबूभाई मारला गेला होता. घर जळालं होतं. सगळा गाव दार लावून बसला तेव्हा बानं त्यांना आत घेतलं होतं.

माय भाकरी थापत होती, जवारीच्या, चांगल्या जाड. मी विचारलं, "ही जवारी कुठली?"

मायनं पुढची भाकर तव्यावर टाकली. संध्याकाळी बा आला. त्याच्या अंगाला मेलेल्या ढोराचा वास येत होता. तो पाटलाची ढोरं ओढून येत होता.

माझ्या अंगाचा भडका उडाला. "शमूसाठी वाकला न्हाईस. आन आता?"

बा हात धूत होता. बराच वेळ धूत राहिला. मग म्हणाला, "तवा मी देवासाठी अडलो न्हवतो, पोरी. माझ्या मानासाठी अडलो व्हतो. देवाचं नाव लावलं त्याला. हे कळाया लेकरू जावं लागलं."

मी मायकडं वळले. "तुला राग येत न्हाई?"

"येतो की. रोज येतो." तिनं भाकर उलटली. "पन ही लेकरं भुकेली व्हती."

सगळे जेवायला बसले. खातूनबीच्या लेकरांनी बिस्मिल्ला म्हटलं, बानं आभार मानले, मायनं हलक्या आवाजात आमेन म्हटलं. तीनही लेकरं पोटभर जेवली. ते चांगलंच झालं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी माझी भाकर ताटात तशीच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना म्हणाले, "चला माझ्याबराबर. क्वार्टर हाय, पगार हाय." बा म्हणाला, "ह्या लेकरांना कोन बघंल? आमचं बरं चाललंय." माय त्याच्या बाजूला उभी राहिली. ती त्याच्या बाजूला उभी राहिलेली मी खूप वर्षांनी पाहिली. मी एकटीच परत आले.

इथं वॉर्डात नवी पोरगी कामाला आली की विचारते, "सिस्टर, घर किधर है?" मी हिंगोली म्हणते आणि पुढच्या खाटेकडं वळते. तुम्ही बाला संत म्हणता, म्हणा. दोघंही शेवटी सुखात होती, मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या त्या सुखात मला बसायला जागा नव्हती, आणि दुसऱ्या कुठल्या जागेला मला अजून घर म्हणता आलेलं नाही.