झील

अमेरिकेत, नोव्हाय गावातल्या आमच्या शेजारच्या बाई दर रविवारी ड्राइव्हवेत गाडी धुतात. गराजमधल्या रेडिओवर डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय गायकांची जुनी ‘सोल’ गाणी चालू असतात, आणि बाई त्यातल्या फक्त मागे साथ देणाऱ्यांच्या ओळी गातात. गायक कुणाला तरी विनवतो, की यांचं ‘ऊ, येस’ येतं. पोवाड्यात शाहिरामागे झील धरतात ना, तसं. मुख्य ओळ त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकली नाही.

“ती का गात नाही तुम्ही?” मी एकदा विचारलं.

“ती ओळ दुसऱ्याची आहे,” म्हणाल्या आणि चाकं घासू लागल्या. मला तो ताठा वाटला.

गेल्या रविवारी गाणं ऐन रंगात असताना लाइट गेले आणि रेडिओ बंद पडला. आता तरी गातील, म्हणून मी थांबलो. बाई स्पंज हातात धरून गप्प उभ्या राहिल्या, गायकाला लागला असता तेवढा वेळ. मग नेमक्या जागी ‘ऊ, येस’. पुन्हा गप्प.

मला त्या गाण्याचे शब्द येत नाहीत. तरी पुढची रिकामी जागा आली तेव्हा गाडीच्या पलीकडून मीच चाल गुणगुणलो. वर न बघता बाईंनी झील धरली.